एकाच घरात दोन जुलाब: बाळाला अँटिबायोटिक नको, आजोबांना हवं, पण वेगळं

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या धायरीतली टँकरच्या पाण्यावर चालणारी सोसायटी. चौदा महिन्यांच्या मुलीला (वजन ९ किलो) काल सकाळपासून पाण्यासारखे आठ-नऊ जुलाब, तीन उलट्या, अंग जरा कोमट. ६८ वर्षांच्या सासऱ्यांना मधुमेह आणि बीपी. त्यांना आज पहाटेपासून मुरडा येऊन थोडी थोडी, आव आणि रक्त मिसळलेली शौच, ताप १०१. मेडिकलवाल्याने दोघांनाही ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल दिलं, बाळाला सिरप आणि आजोबांना गोळ्या. विचारलंय ते असं: दोघांना एकच आजार आहे का, शौचाची तपासणी कल्चरसकट (म्हणजे जंतू वाढवून ओळखणं) करायची का, सलाईन लावून घ्यावं का, आणि हे औषध चालू ठेवायचं का.

आधी उत्तर, मग कारणं. बाळाचं सिरप थांबवा. तिला जलसंजीवनी (ओआरएस), झिंक आणि नेहमीचं खाणं एवढंच हवंय. आजोबांना अँटिबायोटिक लागेल, पण हे नव्हे, आणि ते आजच डॉक्टरांना दाखवून, रक्त तपासून. जलसंजीवनी मात्र दोघांनाही आत्ता सुरू करा, पुढचं नंतर वाचा.

जुलाबात जीवाला धोका होतो तो बहुतेक वेळा जंतूमुळे नाही, तर अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळे. म्हणून जंतू कोणता हा पहिला प्रश्न नव्हेच. पहिला प्रश्न, किती पाणी गेलंय? दुसरा, शौचात रक्त आहे का? तिसरा, किती दिवस झाले? या तीन उत्तरांवर दहातल्या नऊ रुग्णांचा उपचार ठरतो, एकही तपासणी न करता.

बाळाचं पाणी किती गेलंय हे घरी पाहता येतं. तिला मांडीवर उताणं झोपवा. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी अंगठा आणि तर्जनीत उभी धरा, एक क्षण थांबा आणि सोडा. बोटांच्या टोकांनी चिमटा काढायचा नाही, कातडीची घडी उचलायची. घडी लगेच मिटली तर ठीक. क्षणभर रेंगाळून मिटली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांहून जास्त तशीच उभी राहिली तर तडक रुग्णालय गाठा. सोबत डोळे बघा. खोल गेलेत का हे आईला डॉक्टरांपेक्षा चांगलं कळतं, कारण तिने कालचा चेहरा पाहिलेला असतो. मग वाटी तोंडाशी न्या. नेहमीसारखी प्यायली तर उत्तम. वाटीवर झडप घालत असेल, चिडचिड करत असेल तर तहान मोठी आहे, म्हणजे मध्यम कोरड (अंगातलं पाणी कमी होणं). प्यायला तोंडच उघडत नसेल, मान टाकत असेल, हाक मारली तरी नीट बघत नसेल तर ती तीव्र कोरड. टाळू खोल गेली का हेही बघतात, पण चौदाव्या महिन्यात अनेक मुलांची टाळू जवळजवळ भरलेली असते, तिच्यावर विसंबू नका. लघवीचं म्हणाल तर डायपरमध्ये पातळ शी आणि लघवी एकत्र होतात, काही कळत नाही. दिवसभर डायपर काढून सुती लंगोट बांधला की अंदाज येतो.

कोरड नसेल तर प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर जलसंजीवनी द्यायची (दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी, दोन ते दहा वर्षांपर्यंत १०० ते २००). मध्यम कोरड असेल तर हिशेब वजनावर: किलोमागे ७५ मिलिलिटर, चार तासांत. तुमच्या मुलीसाठी ९ गुणिले ७५, म्हणजे ६७५ मिलिलिटर. आकडा मोठा वाटतो, पण पाच मिलिलिटरचा चमचा दर पावणेदोन मिनिटांना दिला की तो चार तासांत बरोबर संपतो. इथेच बहुतेक घरांत चूक होते. तहानलेल्या बाळाला बाटलीने एकदम १०० मिलिलिटर पाजतात, ते उलटून पडतं, आणि ‘तिला ओआरएस पचत नाही’ असा निष्कर्ष निघतो. पोट ताणलं जातं म्हणून उलटी होते. औषधाचा दोष नसतो. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्याने, आणखी सावकाश सुरू करा. बाटली बाजूलाच ठेवा, वाटी-चमचा घ्या. चार तासांनी पुन्हा घडी, डोळे, तहान बघायची आणि पुढचं ठरवायचं.

जलसंजीवनी नुसत्या पाण्याहून वेगळी का, हे कळलं की ती नीट बनवली जाते. आतड्याच्या आतल्या पेशींवर एक दार असतं, ते साखर आणि सोडियम सोबत आले तरच उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत शिरतं. जुलाबात, अगदी कॉलऱ्यातसुद्धा, हे दार शाबूत राहतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर पिंपांमधून साखर-मिठाचं पाणी पाजायला सुरुवात केली, आणि तिथला कॉलऱ्याचा मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आला. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरमध्ये मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. साखर आणि सोडियमचं हे गुणोत्तर म्हणजेच औषध. ते बिघडलं की उपाय उलटतो.

कसं बिघडतं? एक लिटरची मोठी पुडी (साधारण २१ ग्रॅमची) एका ग्लासात कालवतात, ‘कडक’ व्हावी म्हणून. रक्तातलं सोडियम वाढतं, बाळ चिडचिडं होतं, झटकेही येऊ शकतात. किंवा पुडी फोडून अंदाजाने अर्धी टाकतात. पावडरीतली मिठं पुडीत सारखी पसरलेली नसतात, त्यामुळे अर्धी पुडी म्हणजे अर्धं औषध होत नाही. दुधात किंवा ज्यूसमध्ये कालवणं, कालवल्यावर उकळणं, चव लागावी म्हणून वरून साखर घालणं, हे सगळं टाळायचं. पाण्याची एक लिटरची बाटली मोजमाप म्हणून ठेवा, पाणी आधी उकळून गार करा, अख्खी पुडी घाला, झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. घरात मोठी बाटली नसेल तर २०० मिलिलिटरची छोटी पुडी घ्या. पुडीवर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ आणि किती पाण्यात घालायची ते लिहिलेलं असतं. दोन्ही वाचूनच विकत घ्या.

मेडिकलच्या काउंटरवर टेट्रापॅकमधली रंगीत ‘इलेक्ट्रोलाइट’ पेयं मिळायची, काहींच्या नावातच ओआरएस असायचं. एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली, ते फार बरं झालं. अशा गोड पेयांत, फळांच्या ज्यूसमध्ये आणि कोल्ड्रिंकमध्ये साखर जलसंजीवनीच्या कितीतरी पट असते. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. ग्लुकोज पावडरही तीच गोष्ट. तिच्यात साखर आहे, पुरेसं मीठ नाही. पुडी मिळेपर्यंत घरचं करायचं असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा पाच मिलिलिटरचा. करून झाल्यावर स्वतः चाखा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा.

झिंक विसरलं जातं. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना २० मिलिग्रॅम रोज, पूर्ण १४ दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळांना १० मिलिग्रॅम. पाण्यात विरघळणारी गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवून द्या. जुलाब चौथ्या दिवशी थांबले म्हणून झिंक थांबवू नका, आतड्याचं अस्तर भरून यायला वेळ लागतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही त्याने कमी होते.

खाणं बंद करू नका. ‘पोटाला विश्रांती’ या समजुतीने बाळाला दोन दिवस साबुदाण्याच्या पाण्यावर ठेवतात आणि आठवड्यात अर्धा किलो वजन जातं. अंगावरचं दूध चालू, उलट जास्त वेळा. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी वर चमचाभर तूप घालून, पेज, कुस्करलेलं केळं, दहीभात, हे सगळं चालतं. थोडं थोडं, दर तीन तासांनी. जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या, गेलेलं वजन भरून येतं.

सतत उलट्यांमुळे जलसंजीवनी राहतच नसेल तर डॉक्टर ऑन्डान्सेट्रॉनचा एक डोस देतात, ८ ते १५ किलोच्या मुलाला २ मिलिग्रॅम. एकच. वारंवार दिलं तर जुलाब वाढतात. जुलाब ‘बांधणारी’ लोपेरामाईडची गोळी लहान मुलांना कधीही द्यायची नाही. आतडी लुळी पडून पोट फुगतं, पाणी पोटातच साठतं आणि जुलाब थांबल्यासारखे वाटत असताना बाळ कोरडं पडत जातं. प्रोबायोटिकच्या कुप्यांबद्दल माझं मत असं की पैसे आधी पुड्या आणि झिंकवर खर्च करावेत. त्या कुप्यांनी अपाय क्वचितच होतो, पण उपयोगही भरवशाचा नाही.

आता तुमच्या मुलीचं सिरप का थांबवायचं? या वयात उलटीपासून सुरू झालेले, रक्त नसलेले, पाण्यासारखे जुलाब बहुतांश विषाणूंचे असतात, रोटा किंवा नोरो. ऑफ्लॉक्सासिन जिवाणूंवर चालतं, ऑर्निडाझोल अमिबा आणि जिआर्डियावर; विषाणूवर दोन्ही निरुपयोगी. उलट आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, जुलाब लांबतात, आणि उद्या खरोखर गरज पडेल तेव्हा ते औषध चालेनासं होतं. ‘दोन डोस दिलेत, आता कोर्स पूर्ण करायला नको का?’ नको. जो कोर्स सुरूच व्हायला नको होता तो पूर्ण करून काही मिळत नाही. रोटाची लस घेतली असली तरी जुलाब होऊ शकतात, पण सहसा सौम्य होतात. ही लस सरकारी लसीकरणात ६, १० आणि १४ आठवड्यांना मोफत मिळते, आणि तिच्यातली एक, रोटासिल, आपल्या पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. पहिला डोस वर्षाच्या आतच द्यावा लागतो, त्यामुळे तुमच्या मुलीला राहिली असेल तर आता नाही. धाकटं भावंड आलं तर लक्षात ठेवा.

एका गोष्टीवर मात्र डोळा ठेवा. बाळ मधूनमधून पाय पोटाशी घेऊन किंचाळून रडत असेल, मध्ये मलूल पडत असेल, उलटी हिरवी होत असेल किंवा शी लाल जेलीसारखी होत असेल, तर ते जुलाब नव्हेत. आतडं आतड्यात घुसलेलं असू शकतं. त्याला सोनोग्राफी आणि तातडीचा उपचार लागतो, चमच्याने पाणी पाजत बसायचं नाही.

आता आजोबा. त्यांचं चित्र निराळं आहे. एकदम सुरुवात, ताप, मुरडा, पुन्हा पुन्हा जाऊनही थोडीशीच शौच, त्यात आव आणि ताजं लाल रक्त: हा जिवाणूंचा आमांश, बहुधा शिगेला, नाहीतर कॅम्पिलोबॅक्टर. अमिबाचा आमांश सहसा असा येत नाही. तो हळूहळू, दिवसागणिक वाढतो, ताप नसतो किंवा बेताचा असतो, शौच जास्त, काळपट लाल, आवेची आणि दुर्गंधी. ‘आव पडली म्हणजे अमिबा’ हे समीकरण आपल्याकडे घट्ट बसलंय आणि त्यामुळे शिगेला झालेल्याला मेट्रोनिडाझोल दिलं जातं, जे शिगेलावर चालत नाही.

ऑफ्लॉक्सासिन का नको? शिगेला आणि कॅम्पिलोबॅक्टर दोघांचीही या गटातल्या औषधांना दाद न देण्याची प्रवृत्ती भारतात फार वाढली आहे. शिवाय मधुमेह्यांत हा गट साखर अचानक वर-खाली करतो आणि वयस्कर माणसांत स्नायूबंधाला इजा करू शकतो. आज घरी उपचार करता येईल अशा रुग्णाला साधारणपणे अॅझिथ्रोमायसिन देतात, ५०० मिलिग्रॅम रोज एकदा, तीन दिवस. हृदयाच्या ठोक्यांची औषधं चालू असतील तर आधी ईसीजी. दाखल करावं लागलं तर शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन. ४८ तासांत ताप आणि रक्त कमी व्हायला हवं. झालं नाही तर कल्चरच्या अहवालाकडे बघून औषध बदलायचं. लोपेरामाईड त्यांनाही नको. ताप आणि रक्त असताना जंतू आणि विष बाहेर पडणंच बरं, कोंडून ठेवलं तर मोठं आतडं फुगून धोका होतो.

त्यांच्या बाबतीत माझी सगळ्यात मोठी काळजी जंतूची नाही, रोजच्या गोळ्यांची आहे. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनसारखं औषध किंवा लघवी वाढवणारं औषध असेल, आणि अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर मूत्रपिंड एका दिवसात बसू शकतं. मेटफॉर्मिनही अशा वेळी जड जातं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन गटातली गोळी साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठवू शकते. त्यामुळे जुलाब-उलट्या जोरात असताना, खाणं-पिणं पूर्ववत होईपर्यंत ह्या गोळ्या थांबवायच्या असतात. आजच डॉक्टरांना फोन करून एकेक गोळी नावानिशी विचारा. इन्सुलिन मात्र स्वतःहून पूर्ण बंद करायचं नाही. ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू असेल आणि जेवण पोटात जात नसेल तर साखर खाली येते, म्हणून ग्लुकोमीटरवर दर चार-सहा तासांनी बघा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल चालेल. ‘मधुमेहात ओआरएस कसं द्यायचं, त्यात साखर असते’ ही शंका नेहमी येते: अख्ख्या लिटरमध्ये १३.५ ग्रॅम. द्या. दर जुलाबानंतर एक ग्लास, घोट घोट. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

कातडीची घडी वयस्कर माणसात फसवते, कारण ती तशीही सैल असते. त्यांची जीभ बघा, काखेत हात घालून घाम आहे की कोरडं आहे ते बघा, आणि घरच्या मशीनवर झोपवून आणि मग उभं करून तीन मिनिटांच्या आत बीपी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, चक्कर आली, की रुग्णालयात न्या. सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल तरी न्या. रक्ताच्या तपासण्या म्हणजे क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, साखर आणि सीबीसी. या तपासण्यांनी उपचार खरोखर बदलतो.

शौचाच्या तपासणीचं तसं नाही, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण त्या अहवालांवरून सर्वाधिक चुकीची औषधं सुरू होतात. बाळाला तपासणीची गरज नाही. आजोबांना साधी तपासणी आणि कल्चर दोन्ही करा, कारण रक्त आहे, वय आहे, मधुमेह आहे. नमुना अँटिबायोटिकच्या आधीचा सर्वांत चांगला. डोस गेला असेल तरी द्या, पण चिठ्ठीवर तसं लिहा. रक्त किंवा आव असलेला भाग निवडायचा, चमचाभर पुरतो, लघवी किंवा कमोडमधलं पाणी मिसळू द्यायचं नाही. अमिबा बघायचा असेल तर पातळ शौच अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवी, गार झाली की हलणारा अमिबा थांबतो आणि ओळखता येत नाही. म्हणून घरून डबीत नेण्यापेक्षा लॅबमध्येच जाऊन नमुना दिलेला बरा. कल्चरचा नमुना दोन तासांत पोचणार नसेल तर जंतू टिकवून ठेवणारी कॅरी-ब्लेअर माध्यमाची नळी लॅबकडून आधी मागून घ्या.

मग अहवाल येतो. ‘पस सेल्स (पू-पेशी) ८-१०’ म्हणजे आतड्याला सूज आहे एवढंच. तेवढ्यावर अँटिबायोटिक ठरत नाही. ‘ई. हिस्टोलिटिकाचे सिस्ट दिसले’ (आमांश करणाऱ्या अमिबाची कवचबंद रूपं) असं असेल तर सावध राहा: निरुपद्रवी अमिबाचे सिस्ट हुबेहूब तसेच दिसतात, सूक्ष्मदर्शकाने फरक कळत नाही. पोटात लाल रक्तपेशी घेतलेला, हलणारा अमिबा दिसला असेल तरच तो आत्ताच्या आमांशाचा गुन्हेगार. तसा आढळला तर मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल, आणि त्यानंतर आतड्यातले उरलेले सिस्ट मारायला डायलोक्सानाईड फ्युरोएट ५०० मिलिग्रॅम तीन वेळा, दहा दिवस. हा दुसरा टप्पा गाळला जातो आणि दोन महिन्यांनी आव परत येते. सर्वांत फसवा अहवाल कल्चरचा: ‘ई. कोलाय वाढला’, आणि खाली कोणतं औषध चालेल याची लांबलचक यादी. ई. कोलाय तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या आतड्यात असतो. तो रोग करणाऱ्या जातीचा आहे असं लॅबने स्पष्ट म्हटलं नसेल तर त्या यादीला काही अर्थ नाही, तिच्यातलं औषध सुरू करू नका. एका नमुन्यात वीसेक जंतू शोधणाऱ्या महागड्या पीसीआर तपासण्याही आल्या आहेत. गंभीर आजारी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णात त्या कामाच्या आहेत, पण धडधाकट मुलांच्या शौचातही त्या तीन-चार जंतू दाखवतात आणि घरचे घाबरतात.

जुलाब झाले की ‘विडाल (टायफॉइडसाठीची रक्ततपासणी) करून घेऊ’ असंही म्हटलं जातं. नको. आपल्या भागात टायफॉइडचा जंतू किंवा लस यांच्याशी आधी गाठ पडलेल्यांत विडाल थोडी वर असतेच. टायफॉइडची शंका ताप चार-पाच दिवस चढत राहिला तर येते, आणि तेव्हा योग्य तपासणी म्हणजे अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर. पावसाळ्यात डेंग्यूही जुलाब-उलट्यांनी सुरू होऊ शकतो, हे ध्यानात असू द्या.

सलाईनबद्दल थोडक्यात. पिता येत असेल तर सलाईनने काही जास्त मिळत नाही. तीव्र कोरड, शुद्ध हरपत असणं, न थांबणाऱ्या उलट्या किंवा पोट फुगून आतडी थंडावणं, या वेळी ते जीव वाचवतं. तेव्हा रिंगर लॅक्टेट, किलोमागे १०० मिलिलिटर: वर्षापुढच्यांना ३० मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासात आणि ७० पुढच्या अडीच तासांत, वर्षाआतल्या बाळांना तेच एक तास आणि पाच तास. नुसतं डेक्स्ट्रोजचं सलाईन जुलाबात चुकीचं, त्यात मीठच नसतं. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ म्हणून क्लिनिकमध्ये अर्धी बाटली टाकून घरी पाठवलेल्या माणसाला दोन ग्लास जलसंजीवनीने तेवढंच मिळालं असतं.

दोघांचा आजार एकच का? नक्की सांगता येत नाही. शिगेला बाळात सुरुवातीला पाण्यासारखे जुलाब करतो आणि एक-दोन दिवसांनी रक्त दिसतं. त्याचे दहा ते शंभर जंतूही पुरतात, म्हणून तो पाण्याशिवाय नुसत्या हातांवरून घरभर फिरतो. बाळाच्या शीत रक्त दिसलं तर वरचा सल्ला बदलतो, तिलाही वजनाप्रमाणे अॅझिथ्रोमायसिन लागेल. आणि घरात किंवा इमारतीत एखाद्या मोठ्या माणसाला तांदळाच्या धुवणासारखे, वेदना नसलेले, घागरी रिकाम्या व्हाव्यात तसे जुलाब सुरू झाले तर तो कॉलरा समजूनच धावपळ करा. तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. तिथे डॉक्सिसायक्लिन ३०० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात, पण आधी पाणी. आजोबा रोज सकाळी अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. पोटातलं आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला पहारा, तो रोज उठवला की असे आजार सहज शिरतात. गरज संपली असेल तर ती बंद करता येते.

पाण्याचं आजच बघा. पिण्याचं पाणी खदखदून उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. आरओ आहे म्हणून निश्चिंत होऊ नका: तो पाण्यातला क्लोरिनही काढून टाकतो, आणि टाकीत साठलेल्या त्या पाण्यात एखादं बोट बुडालं तरी जंतू वाढायला मोकळे. माठातून पाणी ओगराळ्यानेच घ्या. सोसायटीच्या समितीला नळाशी उरलेला क्लोरिन मोजायला सांगा, तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. साधं किट असतं, पाण्यात थेंब टाकले की पिवळी छटा येते, आलीच नाही तर क्लोरिन संपलाय. जमिनीतल्या टाकीशेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर पावसाळ्यात संशय तिथेच घ्यायचा. इमारतीत तीन-चार घरांत जुलाब असतील तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागाला कळवा, ते पाण्याचा नमुना घेतात. घरात, शी धुतल्यावर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात वीस सेकंद चोळा. आणि जुलाब थांबून ४८ तास होईपर्यंत आजारी माणसाने दुसऱ्यासाठी पोळी-भाजी करायची नाही.

पुढे काय बघायचं? पातळ शी पाच-सात दिवस राहू शकते, रोज कमी होत असेल तर ठीक. चौदा दिवसांपुढे गेली तर गोष्ट निराळी: जिआर्डिया (फेसाळ, तेलकट, कुजका वास, पोटात वात), काही आठवड्यांपुरतं दूध न पचणं, आणि मोठ्यांत वजन घटत असेल तर आतड्याचा क्षय, थायरॉईड, एचआयव्ही, आतड्याचा जुनाट दाह हे सगळं शोधावं लागतं. अँटिबायोटिक घेतल्यानंतरच्या महिना-दोन महिन्यांत नव्याने जुलाब लागले तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूची तपासणी. त्याला तोंडाने व्हॅन्कोमायसिन लागतं, आणखी एखादी ‘जुलाबाची गोळी’ नव्हे.

आणि तुमच्या भागासाठी एक खास सूचना. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोमचे (यात नसांना इजा होऊन हातपाय लुळे पडतात) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, आणि त्यांतल्या काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. जुलाबानंतर हा आजार होणं एरवी फार दुर्मीळ, घाबरून जाण्याचं कारण नाही. पण जुलाब झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांत मुंग्या, जिना चढताना गुडघ्यातून बळ गेल्यासारखं वाटणं, चप्पल पायातून निसटणं, मग हातांतली पकड सैल होणं असं वर वर चढत गेलं, तर ‘जुलाबाचा अशक्तपणा’ म्हणून वाट बघू नका. गिळताना ठसका लागायला किंवा श्वास अपुरा पडायला लागण्याआधी, त्याच दिवशी, अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. आजोबांच्या बाबतीत कॅलेंडरवर आजपासूनचे तीन आठवडे खुणा करून ठेवा, आणि बाळाच्या झिंकचे चौदा दिवसही तिथेच लिहा.